गडदे सरांनी वाचून दाखवलेला कागद

सोमवार. दसरा होऊन चार-पाच दिवस झालेले. सकाळी साडेदहा. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, तालुक्याच्या गावचं दुय्यम निबंधक कार्यालय.

हजर: प्रा. मायाप्पा गडदे, निवृत्त, आमचे कायद्याच्या इतिहासाचे सर. त्यांचे धाकटे भाऊ बिरू. साक्षीदार म्हणून अ‍ॅडव्होकेट सुनंदा, मूळची मेढ्याची, आणि मी, साताऱ्यात वकिली आणि नोटरीचं काम करणारा. आम्ही दोघंही सरांचे विद्यार्थी, एकाच वर्गातले.

गैरहजर: हौसाआक्का. सरांची थोरली बहीण, माण तालुक्यातल्या एका गावची सून. सर तिच्या नावावर तीन एकर जमीन करून देणार होते, आणि ती घ्यायला आक्काच आली नव्हती.

ही नोंद माझ्या डायरीतली जशीच्या तशी आहे. कुठल्याही कामात आधी हजेरी लिहायची ही सवय मला सरांनी लावली. ते म्हणायचे, कायद्याचा अर्धा इतिहास कोण हजर होतं यावर ठरलाय, उरलेला अर्धा कुणाला बोलावलंच नव्हतं यावर.

बक्षीसपत्राचा नियम साधा आहे. देणारा जिवंत आहे तोवर घेणाऱ्यानं ते स्वीकारलं पाहिजे, नाहीतर त्या कागदाला अर्थ राहत नाही. सरांना त्या वर्षी दोनदा हृदयाचा त्रास झाला होता. सांगलीच्या डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली होती, आणि हे कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. सर दर चार पायऱ्यांना थांबत वर आले आणि खिडकीजवळच्या बाकावर बसले. आक्काचा फोन लागत नव्हता. एक वाजता मी म्हटलं, सर, आज काही होत नाही.

ते रागावले नव्हते. अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र सांभाळणाऱ्या मुलीशी त्यांचं बोलणं रंगलं होतं. माणसाच्या बोटाच्या रेषा वेगळ्या असतात हे सरकारच्या कामात पहिल्यांदा कुणी वापरलं, बंगालमधल्या एका इंग्रज अधिकाऱ्याला कंत्राटाच्या कागदावर एका माणसाचा अख्खा पंजाच का उमटवून घ्यावासा वाटला, हे ते तिला सांगत होते. टोकन घेऊन बसलेले सात-आठ लोक ऐकत होते. दोघांचा नंबर पुकारला गेला तरी त्यांना कळलं नाही.

सर असेच होते.

आमच्या कॉलेजात कायद्याचा इतिहास हा विषय कुणी मनावर घेत नसे. त्यावर खटला चालत नाही, पक्षकार येत नाहीत. पहिल्या तासाला आम्ही जेमतेम पंधरा जण होतो. बुटका, काळासावळा, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला एक माणूस आत आला, फळ्याकडे गेलाच नाही, थेट मागच्या बाकांमागे जाऊन उभा राहिला आणि तिथूनच बोलायला लागला. आम्ही माना वळवून बघायला लागलो तर म्हणाले, पुढं बघा. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखली. पुढं उभं राहणाऱ्याला पुढचीच चार दिसतात. मागून चाललं की अख्खा कळप दिसतो.

वर्षभर त्यांनी मागूनच शिकवलं. मागच्या बाकावर झोपायची सोय त्यामुळे गेली.

त्यांची हजेरीची पद्धतही त्यांचीच. सगळी नावं झाली की शेवटी त्या दिवशीच्या विचारवंताचं किंवा राजाचं नाव पुकारायचे. ज्याच्याकडे बोट जाईल त्यानं "हजर" म्हणायचं आणि पुढचा तासभर त्या माणसाच्या वतीनं उत्तरं द्यायची. एकदा इस्लामपूरकडचा आमचा एक धिप्पाड मित्र बॅबिलोनचा राजा झाला. सरांनी विचारलं, महाराज, गवंड्यानं कच्चं घर बांधलं, ते पडलं, त्यात मालकाचा मुलगा मेला. तुमचा कायदा काय म्हणतो? मित्र पाठ करून आला होता. म्हणाला, गवंड्याच्या मुलाला मारायचं. सर म्हणाले, त्या पोरानं कुठली वीट लावली होती? राजा वही चाळायला लागला. "बसा महाराज. उद्या तयारी करून या." पुढं तीन वर्षं त्याला सगळं कॉलेज महाराज म्हणत होतं. तो आज सरकारी वकील आहे आणि एखाद्याच्या गुन्ह्यासाठी त्याच्या घरच्यांना चौकीत बसवलेलं दिसलं की अजून तेच वाक्य म्हणतो, कुठली वीट लावली होती.

कुठलाही विचारवंत शिकवताना सर आधी त्याचं तत्त्व सांगत नसत. तो कशामुळे चिडला होता ते सांगत. रोमच्या गरिबांना कायदा ठाऊकच नव्हता, तो वरच्यांच्या तोंडात होता, म्हणून बारा पाट्यांवर लिहून चौकात लावायला लागला. एका इंग्रज विचारवंताला वकिलांची भाषाच सहन होत नव्हती. एक जर्मन पंडित म्हणत होता की कायदा वरून लादता येत नाही, तो भाषेसारखा लोकांत वाढतो. यावर सर थांबून विचारायचे, लोकांत म्हणजे कुणात? गावच्या सभेत बसणाऱ्यांत, की सभेच्या बाहेर उभ्या असणाऱ्यांत? हा प्रश्न ते प्रत्येकाला लावायचे. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातला तो पंडित, ज्याच्या टीकाग्रंथावर आपल्याकडचा वारसाहक्क जवळजवळ नऊशे वर्षं चालला, त्याच्याबद्दल ते फार आदरानं बोलत. आपल्या पूर्वेला, मेंढरं घेऊन निघालं तर पंधरा दिवसांच्या वाटेवरचा माणूस, म्हणत. मुलगा जन्मला की त्याच क्षणी वडिलार्जित जमिनीत त्याचा हक्क, केवढी मोठी कल्पना. आणि मग आवाज न चढवता, "पाळण्यात शेजारी मुलगी होती. ती पंडितजींना दिसली नाही."

एकदा आम्हाला साताऱ्याला आणलं होतं, माहुलीच्या संगमावर. जुन्या काळी वतनाचे तंटे मिटवायला वादी-प्रतिवादींना नदीत उभं करून दिव्य घ्यायचे, ते समजावं म्हणून दोघांना खरंच कंबरभर पाण्यात उभं केलं. डिसेंबरची सकाळ. काठावरच्यांनी ठरवलं, जो आधी शिंकेल तो खोटा. सगळे हसत होते. सरही हसले. मग म्हणाले, त्या माणसाला वाटायचं, नदी खोटं खपवून घेत नाही. उद्या तुम्ही साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं कराल, त्याला कशाची भीती वाटते ते मला येऊन सांगा. मी तीस वर्षं साक्षीदार बघतोय. सांगायला कधी गेलो नाही.

आता कोंडवाड्याची गोष्ट. ती दर वर्षी पहिल्या सत्राच्या शेवटी यायची, जुन्या विद्यार्थ्यांना पाठ होती, तरी ते येऊन बसायचे.

सर आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरणारी चार-पाच घरं, कृष्णाकाठानं वर सरकत होता. एका गावात दहा-बारा मेंढ्या उभ्या शाळूत शिरल्या. गावानं सगळा कळप कोंडवाड्यात घातला. मोठी माणसं पुढच्या मुक्कामाची जागा बघायला गेलेली. कळपाबरोबर एक चौदा वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ. भाऊ रडत होता. मुलगी पाटलाच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली, शाळू खाल्ला त्याची भरपाई आमचा बाप देईल. पण दोनशे मेंढ्या तुम्ही कोंडल्यात, खाल्लं दहांनी. बाकीच्या कशासाठी आत आहेत? आणि कोंडल्यात तर चारा-पाणी आता तुमच्याकडं. संध्याकाळपर्यंत एक जरी मेली तर ती तुमच्या नावावर. पाटील हसला, मग हसायचा थांबला. तासाभरात कळप बाहेर होता.

मग सर फळ्याकडे न जाता मागूनच विचारायचे, या मुलीनं कायद्याची किती तत्त्वं सांगितली? दोष ज्याचा त्यालाच शिक्षा. नुकसानाच्या प्रमाणात भरपाई. ज्याच्या ताब्यात वस्तू, त्याच्यावर जबाबदारी. रोमन पंडितांनी जनावरानं केलेल्या नुकसानीवर किती शतकं वाद घातले ते सांगून म्हणायचे, हिला अक्षर येत नव्हतं. मी आयुष्यात बघितलेली पहिली कायदेपंडित ही.

आमच्या वर्षी टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर सुनंदा उभी राहिली. ती कमी बोलायची. मेढ्याच्या घरात तिच्या वडिलांनी घटनेच्या शिल्पकारांचा फोटो दारासमोर लावला होता, आणि बायकांच्या वारसाहक्काचं विधेयक अडलं तेव्हा त्यांनी मंत्रिपद सोडलं हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

तिनं विचारलं, "सर, ती मुलगी तुमची बहीण ना? मग तिला जमिनीत हिस्सा मिळाला का?"

आम्हाला मागचं दिसत नव्हतं. मग आवाज आला.

"नाही. वडील वारल्यावर तिनं हक्कसोडपत्र करून दिलं. मसुदा मीच लिहिला. तेव्हा मी नुकताच या कॉलेजात लागलो होतो."

तास संपायला वीस मिनिटं होती. सर निघून गेले. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, हजेरी घेतली, आणि पुकारलं, सुनंदा. ती हजर म्हणाली. ते म्हणाले, तुझा प्रश्न मी माझ्या वहीत लिहून ठेवलाय.

ज्यांना हक्कसोडपत्र म्हणजे काय ते नीट माहीत नसेल त्यांच्यासाठी एवढंच. बाप वारतो, तलाठ्याकडे वारस म्हणून मुलींचीही नावं लागतात. मग एक दिवस भाऊ गाडी करून बहिणीला आणतो. जेवण होतं, साडी-चोळी होते, आणि वाटेत एका कार्यालयात थांबून ती सही करते की मला काही नको. कायदा तिला हक्क देतो आणि कायद्याच्याच कागदावर ती तो सोडते. नाही केली सही तर दिवाळीला माहेरी न्यायला मुराळी येत नाही. माझ्या टेबलावरून असे कागद दर महिन्याला जातात.

सुनंदानं प्रश्न विचारला तेव्हा आम्ही बाविशीत होतो. बक्षीसपत्र तयार झालं तेव्हा पन्नाशीत. मधल्या काळात सर दर दिवाळीला आक्काकडे विषय काढत आणि आक्का चुलीकडे उठून जाई. २००५ साली कायदा बदलला तेव्हा त्यांनी वर्गात पेढे वाटले आणि स्वतः खाल्ला नाही. मग उपसा योजनेचं पाणी गडद्यांच्या माळावर आलं, दोघा भावांनी डाळिंब लावलं, मोजणी होऊन वाटण्या झाल्या. वडिलांनी मेंढरं विकून घेतलेली नऊ एकर; साडेचार सरांची, साडेचार बिरूची. आक्काचे तीन एकर सर आपल्या साडेचारातून देणार होते. बिरू कबूल होते, पण स्वतःच्या वाटचा दीड एकर काढून द्यायला तयार नव्हते. सर म्हणाले, त्याला त्याचा वेळ घेऊ द्या, मला पन्नास वर्षं लागली.

त्या सोमवारी काम फसल्यावर मी सुचवलं, मृत्युपत्र करा. त्याला तिची सही लागत नाही. काम एका दिवसाचं आहे.

सर म्हणाले, "मृत्युपत्रात तिला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणता येत नाही. परत एकदा तिला न विचारता कागद करू?"

तेव्हा आम्ही माणला गेलो. गाडी माझी, सर, सुनंदा आणि मी. आक्का अंगणात मटकी पाखडत होती. ऐंशीच्या पुढची, ताठ, कपाळावर हिरवं गोंदण. आम्हाला बसायला घोंगडं टाकलं, चहा दिला आणि सुनंदाला म्हणाली, "वकीलीणबाई, ह्या मास्तरला घरी न्या. ह्याच्या काळजाचं दुखणं हाय आन् ह्यो माळानं फिरतुया."

सरांनी कार्यालयाचं काढलं. आक्का पाखडत राहिली. म्हणाली, मी शब्द दिला होता. चार माणसांत अंगठा उठवला. आता परत घेतलं तर माझा शब्द खोटा ठरतो. मी खोटी ठरून जमीन घेऊ?

सर चहा संपवून उठले. परतताना गाडीत मात्र त्यांना हसू आवरेना. एकदा दिलेल्या शब्दाविरुद्ध माणसाला पुन्हा जाता येत नाही, हे तत्त्व इंग्रज न्यायाधीशांनी किती निकालांतून घडवलं आणि हिनं ते सूप हलवता हलवता मांडलं, हे ते आम्हाला दहिवडीपासून विट्यापर्यंत सांगत होते. अभिमानानं चेहरा फुलला होता. आपण हरलोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. विट्याच्या पुढं म्हणाले, उत्तर आहे. पण ते माझ्याकडूनच जायला हवं.

पंधरा दिवसांनी परत गेलो. या वेळी सरांच्या पिशवीत जुन्या हक्कसोडपत्राची नक्कल होती. ती त्यांनी काढली आणि म्हणाले, "आक्का, हे तुला कुणी वाचून दावलं न्हवतं. आज वाचतो. ऐकशील?"

तिनं सूप बाजूला ठेवलं.

मी हजारो दस्त वाचलेत. एवढ्या सावकाश कुणी वाचलेला मी ऐकला नाही. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमक्याची हद्द. आक्का प्रत्येक ठिकाणी मान हलवत होती, एकदा हद्द चुकली आहे म्हणून तिनं दुरुस्तही केली. "भावांवरील प्रेमापोटी" आलं, तिनं ऐकून घेतलं. "राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय" आलं, तेव्हा तिनं हात वर केला.

"कुणाच्या राजीखुशीनं रं?"

"तुझ्या, असं लिवलंय."

"बरं. वाच फुडं."

शेवटची ओळ राहिली. सरांचा आवाज खाली गेला. सदर दस्त मला वाचून दाखविला, तो मला समजला, तो बरोबर आहे, म्हणून निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

"ही वळ मी लिवली, आक्का," ते म्हणाले. "ही खोटी हाय. तू शब्द दिलाच न्हाईस. मी तुझ्या तोंडात घातला. तवा खोटं कोण ठरायचं आसंल तर मी ठरतो."

सून दारात येऊन उभी राहिली होती.

"मला ठावं हुतं त्यात काय हाय," आक्का म्हणाली. "शाई लागलेलं बोट घरी येऊन राखंनं घासलं, तवापासनं ठावं हाय. वाचून दावायची काय गरज न्हवती मायाप्पा. तू इचारायला पायजे हुतंस. तू शिकल्याला. तू कवातरी इचारशील म्हून मी गप बसले. तू कवा आलास ती द्यायलाच आलास. इचाराय न्हाई आलास."

सरांनी चष्मा काढला. मग लहान मुलासारखं विचारलं, "आक्का, तुझा हिस्सा घेशील का?"

"घीन," ती म्हणाली. "पर बक्षीस म्हून न्हाई."

दस्ताचं शीर्षक बदलणं शक्य नव्हतं, ते मी तिला सांगितलं. शीर्षक कायद्याचं, आतला मजकूर आपला. सरांनी तिथंच घोंगड्यावर बसून एक वाक्य सांगितलं आणि मी लिहून घेतलं: ही जमीन मूळची लिहून घेणार हिचीच असून ती न विचारता लिहून देणार याच्याकडे राहिली होती, ती तिची तिला परत पोचवीत आहे. मला ते कायद्याच्या दृष्टीनं अघळपघळ वाटलं. सुनंदानं एक शब्दही बदलू दिला नाही. सर म्हणाले, एवढ्या वर्षांत कायद्यात माझी भर एवढीच.

दिवाळी झाल्यावर दस्त नोंदवला. सगळे हजर. आक्का पहिल्या मजल्यावर सरांच्या आधी पोचली आणि वरून म्हणाली, या मास्तर, सावकाश या. कॅमेऱ्यासमोर बसवताना यंत्रावरच्या मुलीनं तिला विचारलं, आजी, कागद वाचून दाखवला का? आक्का म्हणाली, "दोनदा. दोनी कागद."

त्यानंतर सर आम्हाला शेवटचे दिसले ते एसटी स्टँडवर. मी गाडीनं सोडतो म्हटलं होतं, आक्का नको म्हणाली, तिला तिच्या तिकिटानं जायचं होतं. दहिवडीकडे जाणारी गाडी लागली. ती खिडकीशी बसली, नोंदलेला दस्त पिशवीत, पिशवी मांडीवर. सर खिडकीखाली उभे. कंडक्टरला त्यांनी सांगितलं, बाईंना नीट उतरवा, खातेदार शेतकरी आहेत. "गप रं," आक्का आतून म्हणाली. गाडी सुटली तशी पाच-सात पावलं ते बरोबर चालले, पत्र्यावर हात ठेवून. मग हात आपोआप सुटला. ते तिथंच उभे राहिले, धूळ बसेपर्यंत, आणि आम्हाला ते पाठमोरेच दिसले.

महिन्याभरानं ते गेले. आक्का आली होती. भावाची बहीण म्हणून बसली आणि तिसऱ्या दिवशी शेतावर जाऊन आपला बांध बघून आली. सर असते तर त्यांनी ती गोष्ट वर्गात सांगितली असती असं मला वाटलं.

माझ्या यादीतली कामं पुढीलप्रमाणे झाली. फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर आक्काचं नाव लागलं, उतारा सुनंदानं स्वतः माणला नेऊन दिला. सरांची पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. बिरू दोनदा माझ्या कार्यालयात येऊन नुसते बसून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा दीड एकराचा मसुदा कसा असतो ते विचारलं.

एक काम राहिलं आहे. माझी धाकटी बहीण लता कराडला असते. आमच्या वडिलांच्या घराचं आणि रानाचं हक्कसोडपत्र मी तिच्याकडून करून घेतलं. ती बी.कॉम. आहे, कागद तिनं स्वतः वाचून सही केली, त्यामुळे माझ्याकडे काही दोष येत नाही असं मी धरून चाललो होतो. विचारलं मात्र नव्हतं. सर गेल्यापासून तिला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा भाचीच्या परीक्षेची चौकशी करून ठेवून दिला.